घारापुरी : दोन दारांचे देऊळ



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी 'घारापुरी' असे सांगितले. त्यावर चालकांपैकी एक गृहस्थ क्षणभर थांबले आणि संकोचाने म्हणाले, "घारापुरी सगळ्यांचीच पाहून झालेली असते हो. दुसरे काही नाही का?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. या मंडपात बसलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मंडळी शाळेच्या सहलीत तेथे जाऊन आलेली असतील. मीही त्यांतलाच. आणि शाळेच्या सहलीतले मला आज काय आठवते म्हणाल, तर एक माकड. त्याने माझ्या हातातली पुरीभाजीची पुडी ओढून नेली आणि समोरच्या झाडावर बसून, माझ्याकडे पाहत पाहत, सावकाश खाल्ली. त्या झाडाच्या मागे डोंगरात कोरलेले एक प्रचंड देऊळ होते, ही गोष्ट माझ्या गावीही नव्हती. म्हणून 'पाहून झालेली' या शब्दांवर माझा फारसा विश्वास नाही.

दुसऱ्यांदा गेलो तो मोठा झाल्यावर, चार पुस्तके वाचून. त्या दुसऱ्या खेपेची हकीकत आज मुख्यतः सांगायची आहे; कारण त्या दिवशी माझी जी फजिती झाली ती माकडाने केलेल्या फजितीपेक्षा मोठी होती, आणि ती कळायला मला बरीच वर्षे लागली.

मुंबईच्या अपोलो बंदरावरून, म्हणजे गेटवे ऑफ इंडियापासून, लाँच सुटते. अंतर सुमारे दहा किलोमीटर; वेळ एक तासाच्या आसपास. या तासात नौदलाची करडी जहाजे दिसतात, तेलाच्या टाक्यांचे एक बेट दिसते, पलीकडे न्हावाशेव्याच्या बंदरातल्या जिराफासारख्या माना उंचावलेल्या याऱ्या दिसतात. लाँचवर माझ्या शेजारी एक म्हातारबाई बसल्या होत्या. नऊवारी लुगडे, कपाळावर रुपयाएवढे कुंकू, मांडीवर फडक्यात बांधलेले काहीतरी. बरोबर नातू. तो मुंबईत नोकरीला होता आणि आजीला मुंबई दाखवीत होता. आजी कऱ्हाडकडच्या. माझा चष्मा आणि हातातले पुस्तक पाहून त्यांनी मला शाळामास्तर ठरवून टाकले होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "मास्तर, तितं द्येव कंचा हाय?"

मी म्हटले, "आजी, शंकर आहे. पण ते आता देऊळ नाही, लेणे आहे. पूजा होत नाही तिथे."

आजींनी माझ्याकडे असे पाहिले, की मी काही अशुभ बोललो असावे. मग म्हणाल्या, "पूजा न्हाई म्हंजे? द्येव हाय न्हवं?"

या प्रश्नाला मी काय उत्तर दिले ते सांगण्यासारखे नाही. मी पुरातत्त्व खाते, संरक्षित स्मारक वगैरे काही बोललो. नातू मान डोलावीत होता. आजी समुद्राकडे पाहू लागल्या.

धक्क्यावर उतरले की एक छोटी आगगाडी आहे. मुलांना ती लेण्यापेक्षा अधिक आवडते, आणि त्यात त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही. मग शंभर-सव्वाशे पायऱ्या. दोन्ही बाजूंना ताडपत्रीखाली दुकाने: शंखशिंपल्यांच्या माळा, दगडी हत्ती, ताक, काकडी, कैरीच्या तिखटमीठ लावलेल्या फाका. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी खुर्चीला बांबू बांधून चौघे वाहून नेतात. शहरातल्या माणसाला या दुकानांचा त्रास वाटतो. पण ही दुकाने बेटावरच्या लोकांची आहेत. बेटावर शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर अशा तीन वस्त्या आहेत. मुंबईचे दिवे रोज रात्री डोळ्यांसमोर लखलखताना पाहत या लोकांनी कंदिलावर आणि चार तासांच्या जनित्रावर दिवस काढले. समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून त्यांच्या घरात वीज आली ती २०१८ साली. तेव्हा पायऱ्यांवर कोणी माळ पुढे केली, तर कपाळाला आठी घालण्यापूर्वी एवढे लक्षात ठेवावे.

आता लेणे. मी तारखा फार सांगणार नाही. पण थोड्या सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. बेटावर सात लेणी आहेत, पाच शैव आणि दोन बौद्ध. दुसऱ्या टेकडीवर बौद्ध स्तूपाचे अवशेषही आहेत. आपण ज्याला घारापुरीचे लेणे म्हणतो ते मोठे शैव लेणे बहुतेक अभ्यासकांच्या मते इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराचे. ते कोणी कोरविले? येथे मोठी चुटपूट लागते. लेण्यात आज एकही लेख नाही. दिओगो दो कुतो या पोर्तुगीज इतिहासकाराने लिहून ठेवले आहे, की दारावर एक कोरीव लेखाची शिळा होती. पोर्तुगीजांनी ती काढली, ती वाचू शकेल असा कोणी मिळतो का ते पाहिले, कोणी मिळाला नाही, तेव्हा ती पोर्तुगालच्या राजाकडे पाठविली. तेथेही ती कोणाला वाचता आली नाही. पुढे ती शिळा गेली कोठे, याचा पत्ता नाही. म्हणजे ज्याने हे घडविले त्याचे नाव कदाचित त्या दगडावर होते, आणि तो दगड लिस्बनच्या एखाद्या भिंतीत किंवा समुद्राच्या तळाशी पडलेला असेल. मग आपण दुसऱ्या वाटेने जातो. बेटावर कृष्णराज या कलचुरी राजाची नाणी सापडली. कलचुरी हे पाशुपत शैव. लेण्यात लकुलीशासारखी योगमूर्ती आहे. म्हणून हे कलचुरींच्या काळचे, असा तर्क. तर्क बळकट आहे, पण तर्कच. पुलकेशी दुसरा याच्या इ. स. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात पश्चिम समुद्रातल्या ज्या पुरी नगरीवर स्वारी झाल्याचा उल्लेख आहे, ती हीच असेही काही विद्वान मानतात.

पायऱ्या संपल्या की आपण उत्तरेच्या बाजूने लेण्यात शिरतो. शिरताच थांबा. बाहेरचे ऊन डोळ्यांत असते आणि आत काही दिसत नाही. लोक त्या अंधारातच भराभर पुढे जातात आणि दहा मिनिटांत परत फिरतात. दहा मिनिटे उंबऱ्याशीच उभे राहिले, तर डोळे निवतात आणि खांब एकेक करून अंधारातून बाहेर येऊ लागतात. जाड, चौकोनी बुंध्याचे खांब. वर गोल होत गेलेले, आणि माथ्याशी दबलेल्या आवळ्यासारखी पाकळ्यापाकळ्यांची उशी. मंडप सुमारे एकशे तीस फूट लांब आणि तेवढाच रुंद आहे.

हे खांब पाहताना एक गोष्ट विसरू नये. आपण घर बांधतो तेव्हा आधी खांब उभारतो आणि मग त्यावर छप्पर घालतो. येथे खांब उभारलेले नाहीत; ते शिल्लक ठेवलेले आहेत. डोंगर आधीच होता. पाथरवट छताच्या पातळीवरून आत शिरला आणि खाली खाली येत गेला. जे नको ते काढले आणि जे हवे होते ते उरले. त्यामुळे चूक दुरुस्त करण्याची सोय नाही. मूर्तीचे नाक उडाले, तर दुसरा दगड आणून बसवावा हे बांधीव देवळात जमेल; येथे नाक आणि डोंगर एकच. शिवाय हा आपला सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट. संगमरवरासारखा शहाणा दगड नव्हे. मी एकदा आमच्याकडच्या एका पाथरवटाला विचारले होते, की असे काम करताना सर्वांत अवघड काय? मला वाटले, तो मूर्तीचा चेहरा वगैरे सांगेल. तो म्हणाला, "मातेरं बाहीर काढणं." फोडलेला दगड बाहेर वाहून नेणे! कोणत्याही पुस्तकात मला हे उत्तर मिळाले नव्हते.

आणि हे खांब खरोखर छत पेलतात काय? त्यांतले कित्येक मध्यंतरीच्या काळात तुटून पडले होते. वरचा आवळा छताला लोंबकळतो आहे आणि खाली बुंधा नाही, अशी जुनी चित्रे आणि छायाचित्रे आहेत. छत खाली आले नाही. पुढे पुरातत्त्व खात्याने ते खांब बांधून काढले. निरखून पाहिले तर जुना-नवा भाग ओळखू येतो.

मोडतोडीचा विषय निघालाच आहे, तर तोही उरकून घेऊ. १५३४ साली हा मुलूख गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांकडे गेला. त्यांच्या शिपायांनी मूर्तींवर नेम धरून बंदुका झाडल्या, असे आपण लहानपणापासून ऐकतो, आणि शिपायांनी नासधूस केली हे खुद्द पोर्तुगीज लेखकही नाकारीत नाहीत. परंतु गार्सिया द ओर्ता नावाचा एक वैद्य त्याच १५३४ साली हिंदुस्थानात आला. त्याचे औषधींवरचे पुस्तक १५६३ साली गोव्यात छापले गेले. त्यात तो या लेण्याविषयी लिहितो, की मी आलो तेव्हा हे फार पाहण्यासारखे होते, पण आता आत गुरे शिरतात, त्याने फार नासले आहे. आता ही गुरे काही लिस्बनहून आलेली नव्हती. झिरपणारे पाणी, गुरे, शिपाई, आणि नंतर खांबांवर नावे कोरणारे आपण, असे सर्वांनी मिळून ते काम केले आहे. १८७५ साली इंग्लंडचे युवराज मुंबईस आले तेव्हा त्यांच्यासाठी याच लेण्यात मेजवानी मांडली होती. हे वाचून माझा संताप झाला. मग मला माझी पुरीभाजीची पुडी आठवली आणि मी गप्प बसलो.

आता आपण उत्तरेच्या दारातून सरळ आत चालू लागलो, तर समोर, मंडपाच्या अगदी टोकाला, दक्षिणेच्या भिंतीत ती मूर्ती आहे, जिचे चित्र तुम्ही सर्वांनी पाहिले आहे. सुमारे अठरा फूट उंच. तीही फक्त छातीपासून वर. पूर्ण मूर्ती असती तर तिला हा डोंगर पुरला नसता. तीन मुखे. वाटाडे सांगतात, ब्रह्मा, विष्णू, महेश. आणि क्रमिक पुस्तकांनीही आम्हाला तेच शिकविले, 'त्रिमूर्ती'. ही समजूत चुकीची आहे, आणि ती चुकीची असल्याचे मूर्तिशास्त्राच्या अभ्यासकांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच दाखवून दिले आहे. तिन्ही मुखे एकाच शिवाची आहेत. हा महेश, हा सदाशिव. त्याची मुखे पाच, त्यांपैकी मागचे भिंतीत आणि वरचे अव्यक्त असे मानतात. आपल्या डाव्या हाताचे मुख अघोर: मिशा, आवळलेल्या भिवया, केसांत कवटी, हातात नाग. उजव्या हाताचे मुख वामदेव, म्हणजे उमेचे: कुरळ्या बटा, मोत्यांचे सर, हातात कमळ. आणि मध्ये तत्पुरुष. डोळे मिटलेले, खालचा ओठ जाड आणि स्वस्थ, उंच जटामुकुट.

या मध्यल्या मुखाविषयी बोलू नये हेच बरे. वर्णन करू गेले की मासिकातली भाषा तोंडात येते. एवढेच सांगतो, की त्याच्या दोन्ही बाजूंना काय आहे ते पाहून मग त्याच्याकडे पाहावे. डावे मुख काहीतरी फाडून टाकील असे, उजवे एखादे फूल हुंगील असे. आणि मधला दोघांचाही आवाज ऐकत नाही, किंवा दोघांचाही ऐकतो आहे.

हीच गोष्ट सबंध लेण्यात पसरून ठेवली आहे. ती माझ्या लक्षात तिसऱ्या खेपेस आली. भिंतीवरची शिल्पे आपण एकामागून एक, चित्रांच्या प्रदर्शनासारखी पाहतो. तसे करू नये. ती समोरासमोर पाहावी. उत्तरेच्या दाराशी एका बाजूला ध्यानस्थ योगी आहे, तर त्याच्या समोर नाचणारा नटराज. एक हलत नाही आणि दुसरा थांबत नाही. पूर्वेच्या टोकाला एका भिंतीवर कैलासावर शिवपार्वतीचा सारीपाट चालला आहे. डावात काहीतरी बिनसले असावे. पार्वती मान फिरवून बसली आहे. आणि तिच्या समोरच्या भिंतीवर तोच कैलास. पण खाली रावण शिरला आहे आणि पर्वत गदागदा हलवितो आहे. रुसवा तेथल्या तेथे विसरला असेल!

पश्चिमेच्या टोकाची जोडी सर्वांत विलक्षण आहे. एका भिंतीवर लग्न. पार्वती शंकराच्या उजव्या हाताला उभी आहे. लेण्यात इतरत्र ती डावीकडे आहे. येथे उजवीकडे, कारण लग्न अजून लागायचे आहे. आपल्याकडे आजही सप्तपदी होईपर्यंत नवरी कोणत्या बाजूला असते, हे येथे बसलेल्या भगिनींना मी सांगायला नको. तिची मान खाली आहे. मागे तिचा बाप हिमवान उभा आहे आणि तिला किंचित पुढे करतो आहे. चंद्राने पाण्याचा कुंभ आणला आहे. ब्रह्मदेव भटजी होऊन होमापाशी उकिडवा बसला आहे. मांडवातली सगळी धांदल आहे, पण आवाज नाही. आणि या लग्नाच्या थेट समोर काय आहे? अंधकासुराचा वध. तोच शंकर, दात विचकलेले, डोळे बाहेर आलेले, हातांत तलवार, आणि एका हातात वाडगा. अंधकाच्या रक्ताचा थेंब भुईवर पडला की त्यातून नवा असुर उठतो, म्हणून रक्त वाडग्यात धरायचे. कंबरेखालचा भाग फुटून गेला आहे. बहुतेक हात नाहीत. तरीही त्या मूर्तीसमोरून पुढे जाताना माणूस नकळत जरा लांबून जातो.

अर्धनारीश्वर, गंगाधर ही महेशाच्या दोन बाजूंची शिल्पे मी सोडून देतो. वेळ थोडा आहे आणि ती तुम्हाला वाटाड्याही नीट दाखवील.

आता माझ्या आजींकडे येतो. त्या दिवशी आम्ही एकदमच वर पोचलो. लेण्याच्या दाराशी आजी थांबल्या, वहाणा काढल्या आणि नातवाला काढायला लावल्या. इतर कोणी काढल्या नव्हत्या, मीही नाही. मग त्या आत आल्या. मी त्यांना महेशमूर्ती दाखवायला निघालो. मला वाटले होते, ती पाहून त्या थक्क होतील आणि मला चार गोष्टी समजावून सांगता येतील. आजींनी त्या अठरा फुटी मूर्तीकडे एकदा पाहिले, हात जोडले आणि विचारले, "पर पिंडी कुटं हाय?"

पिंडी आहे. मंडपाच्या उजव्या अंगाला, म्हणजे पश्चिमेकडे, डोंगरातच ठेवलेले एक चौकोनी गर्भगृह आहे. त्याला चारही दिशांना चार दारे, प्रत्येक दाराशी दोन असे आठ द्वारपाल, पंधरा फुटांच्या आसपास उंचीचे. आणि आत काळोखात शिवलिंग. मी माझ्या आधीच्या वाचनात त्यावरून घाईने पुढे गेलो होतो. त्यात 'पाहण्यासारखे' काय आहे? आजी पायऱ्या चढून आत गेल्या. मांडीवरचे ते फडके सोडले. त्यात बेलाची पाने होती. कोणाच्या दारचा बेल तोडून आणला होता कोण जाणे. तीन पाने त्यांनी पिंडीवर ठेवली, जमिनीला डोके टेकले आणि मग चारही दारांतून बाहेर जाऊन आत येत असा काहीसा फेरा घातला. पहारेकरी आला. मला वाटले, आता हा हटकणार. तो दाराशी उभा राहिला आणि आजी बाहेर येईपर्यंत दुसरीकडे पाहत राहिला.

मला त्यांची कीव आली होती, हे मी आज कबूल करतो. ज्या मूर्तीसाठी लोक सातासमुद्रांपलीकडून येतात तिच्याकडे पाठ फिरवून ही बाई एका साध्या पिंडीपाशी वेळ घालवते, असे मनात आले. घरी येऊन मी ते कोणाला तरी गमतीने सांगितलेसुद्धा.

पुढे कित्येक वर्षांनी लेण्याचा आराखडा नीट पाहण्याचा योग आला, आणि माझी फजिती मला कळली. या मंडपाला दोन रेषा आहेत. एक उत्तर-दक्षिण, तिच्या टोकाला महेश. दुसरी पूर्व-पश्चिम, पूर्वेच्या अंगणातून आत आले की खांबांच्या दोन ओळींमधून दृष्टी थेट त्या गर्भगृहावर जाते, दुसरीकडे कोठेही जात नाही. पूर्वेच्या अंगणात एक वर्तुळाकार जोते आहे; त्यावर नंदी असावा असे समजतात. देवळाचे तोंड पूर्वेला, समोर नंदी, आत लिंग, ही तर आपल्या गावच्या शंकराच्या देवळाचीच मांडणी झाली. पूर्वेचे दार हेच मूळचे मुख्य दार असावे, असे म्हणणारे अभ्यासक आहेत. म्हणजे हे देऊळ ज्यांनी कोरले त्यांच्या मनात जो चालणारा माणूस होता, तो आजींसारखा चालणार होता. मी उत्तरेच्या दारातून आलो होतो आणि समोर चित्र दिसले म्हणून तेथेच अडलो. आजींनी पुस्तक वाचले नव्हते. त्यांनी फक्त विचारले, पिंडी कुठे आहे?

येथे मी आजींच्या बाजूने निकाल देऊन बसावे, असा मोह होतो. पण तेही खरे नाही. मुंबईच्या उपनगरात जोगेश्वरीचे लेणे आहे. तेही सहाव्या शतकातले, घारापुरीच्याच कुळातले. तेथेही चार दारांचे गर्भगृह. तेथे पूजा अजून चालू आहे. जोगेश्वरी मातेला आजही नारळ फुटतात, घंटा वाजते. आणि तेथल्या भिंतीवरची शिल्पे? बहुतेक झिजून ओळखू न येण्याजोगी झाली आहेत. माथ्यावर आणि सभोवार वस्ती वाढली आहे, पाणी झिरपते. त्या लेण्यात देव आहे आणि शिल्प नाही. घारापुरीत शिल्प आहे आणि देवाला तिकीट आहे. दोहोंतले बरे कोणते, हे मला विचाराल तर मी सोमवारी एक सांगेन आणि मंगळवारी दुसरे. महाशिवरात्रीला मात्र घारापुरीस अजून उरणकडची, मुंबईची भाविक मंडळी येतात, आणि त्या एका दिवशी पिंडीपुढे रांग लागते. ज्याला दोन्ही पाहायचे असेल त्याने त्या दिवशी जावे. गर्दीची तयारी ठेवावी.

तुम्हांपैकी कोणी उन्हाळ्याच्या सुटीत मुलाबाळांना घेऊन जाणार असाल, तर माझ्या अनुभवाच्या दोन-चार गोष्टी सांगून बसतो. सोमवारी लेणे बंद असते. पावसाळ्यात समुद्राचा भरवसा धरू नये. सकाळची पहिली लाँच पकडावी. त्यावेळी पूर्वेकडून ऊन तिरपे आत येते आणि दुपारनंतर ते पश्चिमेच्या अंगणातून येते. दक्षिणेला डोंगर अखंड आहे, तेव्हा महेशावर थेट ऊन कधीच पडत नाही. त्याला दिवसभर उसना उजेड. म्हणून एकच शिल्प सकाळी आणि तिसऱ्या प्रहरी असे दोनदा पाहावे. मोबाइलचा दिवा मूर्तीच्या तोंडावर मारू नये. त्याने कोरीव काम सपाट दिसते. उत्तरेच्या दारातून आत गेलात तरी लगेच डावीकडे वळून पूर्वेच्या अंगणात जावे, तेथे पाच मिनिटे बसावे आणि मग पुन्हा त्या बाजूने आत यावे. खाण्याची पुडी पिशवीत खोल ठेवावी; माकडांचे वंशज अद्याप तेथेच आहेत.

आणि जाण्यापूर्वी, किंवा परत आल्यावर, भायखळ्याच्या राणीच्या बागेत अवश्य जावे. 'एलिफंटा' हे नाव पोर्तुगीजांनी ज्या दगडी हत्तीवरून दिले, तो धक्क्याजवळ उभा होता. १८१४ साली त्याचे डोके आणि मान गळून पडली. १८६४ साली त्याला उचलून विलायतेस नेण्याचा बेत झाला. उचलताना यारी मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आणून पुढे जोडले. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या शेजारी तो आता उभा आहे. त्याच्यासमोरून रोज शेकडो माणसे खरे प्राणी पाहायला जातात आणि त्याच्याकडे बघतही नाहीत. जवळ जाऊन पाहिले, तर त्याच्या अंगावरचे सांधे अजून मोजता येतात.